चित्र कुठे काढायचं? छोट्या स्क्रीनवर पॅनेलांची मांडामांड

"मामा, ह्यात चित्र कुठे काढायचं? जागाच नाहीये."

माझी भाची यंदा बारावी झाली. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षा शाळेतच देऊन झाल्या होत्या, आता तिला संगणकावर चित्रं काढायची होती. तिच्या बाबांनी लॅमिंग्टन रोडवरून एक वापरलेला चौदा इंची लॅपटॉप आणला, सोबत चित्र काढायची छोटी पेन टॅब्लेट. तिने क्रिटा हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, उघडलं आणि मला फोन लावून हा प्रश्न विचारला. संध्याकाळी घरी जाऊन पाहिलं तर तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. डावीकडे अवजारांची पट्टी, उजवीकडे रंगांचा चौकोन, त्याखाली लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर, त्याखाली ब्रशांची थप्पी, वर दोन आडव्या पट्ट्या, खाली आणखी एक. आणि मधोमध उरलेला कागद फुटपट्टी लावून मोजला, तर तो पोस्टाच्या कार्डाएवढा भरला.

हा प्रश्न येत्या काळात पुष्कळ घरांत पडणार आहे, असं मला वाटतं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ जुन्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही, त्यामुळे चालू अवस्थेतली मशीनं दुकानांत विकायला आलेली दिसतात. ती स्वस्त मिळतात आणि शिकणाऱ्या मुलांच्या हाती जातात, ही चांगलीच गोष्ट आहे. त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकली तर क्रिटा आणि गिंप ही चित्रांची दोन्ही सॉफ्टवेअर त्यावर फुकटात चालतात. अडचण असते ती स्क्रीनची. ह्यातल्या बऱ्याच लॅपटॉपांचा स्क्रीन १३६६ बाय ७६८ चा असतो, आणि आजचं चित्रकलेचं सॉफ्टवेअर उघडताना समोर मोठा मॉनिटर आहे असं धरूनच चालतं.

मी मुलांच्या पुस्तकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी चित्रं काढतो. माझी पहिली चार वर्षं १०२४ बाय ६०० च्या नेटबुकवर, म्हणजे चिमुकल्या लॅपटॉपवर गेली. त्या दिवसांत जे कळलं, ते इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी चार शब्द समजून घेऊ

स्क्रीनवरचं सगळं बारीक ठिपक्यांनी बनलेलं असतं. एक ठिपका म्हणजे एक पिक्सेल. आडवे किती आणि उभे किती, ह्या जोडीला रिझोल्यूशन म्हणतात. १३६६ बाय ७६८ म्हणजे एकूण १०,४९,०८८ ठिपके, साडेदहा लाखांच्या आसपास. दुकानदार ज्याला "फुल एचडी" म्हणतो तो १९२० बाय १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. जवळजवळ दुप्पट. लॅपटॉप घेताना आपण इंच विचारतो, पण इंच म्हणजे फक्त स्क्रीनची एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची तिरकी लांबी. जागा किती ते ठिपक्यांवर ठरतं. "एचडी आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, आकडा विचारा.

ज्यावर चित्र काढायचं तो कागद म्हणजे कॅनव्हास. त्याच्या आजूबाजूला रंग, ब्रश, लेयर वगैरेंच्या ज्या छोट्या खिडक्या असतात, त्या पॅनेल. क्रिटामध्ये त्यांना डॉकर म्हणतात, क्लिप स्टुडिओ ह्या दुसऱ्या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅलेट. वस्तू एकच आहे, मी इथे पॅनेलच म्हणेन.

कार्पेट एरिया काढून बघा

मुंबईत घर घेताना आपण काय करतो? बिल्डर जो मोठा आकडा सांगतो तो ऐकून घेतो आणि विचारतो, कार्पेट किती? जिना, लॉबी, भिंती वगळून पाय ठेवायला प्रत्यक्षात किती जागा मिळणार? २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्याच करून ठेवली आहे. हाच हिशेब स्क्रीनचा करायचा.

भाचीच्या लॅपटॉपवर मी तो मांडला. उंची ७६८. विंडोजची खालची टास्कबार ४०. खिडकीची वरची पट्टी साधारण ३०. मेनूची ओळ २२. टूलबार ४२. उघडलेल्या चित्राच्या नावाचा टॅब ३०. तळाची माहितीची पट्टी २६. बेरीज १९०. उरले ५७८.

ह्या ५७८ मध्ये ए-फोरचा उभा कागद पूर्ण दिसेल असा बसवला, तर त्याची रुंदी येते सुमारे ४०९. गुणाकार केला तर चित्राच्या वाट्याला २ लाख ३६ हजार ठिपके आले. साडेदहा लाखांच्या स्क्रीनमध्ये चित्राला मिळाली २२-२३ टक्के जागा! बाकी सगळं भिंती, जिने आणि लॉबी.

आता तोच कागद सगळ्या पट्ट्या आणि पॅनेलं लपवून पूर्ण ७६८ उंचीत बसवा. रुंदी ५४३ होते आणि चित्राचा वाटा चाळीस टक्क्यांवर जातो. लॅपटॉप तोच, चित्र पावणेदोन पटींहून मोठं. भाचीला हे करून दाखवलं तेव्हा ती काहीच बोलली नाही, खुर्ची पुढे ओढून बसली.

रुंदी मुबलक, उंचीची टंचाई

वरच्या हिशेबात एक गोष्ट पाहिलीत का? जागा गेली ती सगळी उंचीतून गेली. लॅपटॉपचे स्क्रीन सिनेमाच्या पडद्यासारखे आडवे असतात, आणि आपल्या चित्रांचे कागद बहुतेक वेळा उभे. अशा वेळी कागदाच्या दोन्ही बाजूंना रान मोकळं असतं आणि डोक्यावर-पायाशी मात्र चेंगराचेंगरी. म्हणून छोट्या स्क्रीनवरचा माझा पहिला नियम हा: पॅनेल बाजूला लावा, वर किंवा खाली कधीही नाही. रंगांची आडवी पट्टी तळाशी फार छान दिसते, पण तिथे गेलेले ऐंशी ठिपके परवडत नाहीत. डाव्या-उजव्या बाजूचे ऐंशी ठिपके उभ्या कागदाला जाणवतही नाहीत.

पहिली साफसफाई चित्रकलेच्या सॉफ्टवेअरबाहेरच करायची. टास्कबार आपोआप लपेल असं करा. विंडोज १० मध्ये आणि लिनक्सच्या बऱ्याच प्रकारांत ती डाव्या कडेला उभीही करता येते. मग सॉफ्टवेअरमध्ये या. क्रिटाच्या सेटिंग्ज मेनूत तळाची पट्टी बंद करायची खूण आहे, टूलबार एकेक करून बंद करायची सोय आहे, आणि प्रत्येक पॅनेलच्या डोक्यावर नावाची जी पट्टी असते तीही लपवता येते. मात्र ही शेवटची पट्टी सगळी मांडामांड झाल्यावरच लपवा, कारण पॅनेल ओढून हलवायचं ते तिलाच धरून. आधी कपाट जागेवर लावायचं, मग त्याच्या कड्या काढायच्या.

एवढं केलं तरी शंभरेक ठिपके उंची परत मिळते. आणि अजून आपण एकही पॅनेल बंद केलेलं नाही.

हाताशी काय, माळ्यावर काय

वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींतल्या खोल्या १६० चौरस फुटांच्या. तेवढ्यात पिढ्यान्‌पिढ्या संसार झाले, मुलांचे अभ्यास झाले, पाहुण्यांच्या पंगती उठल्या. कशा? तिथे कुठलीही वस्तू दिवसभर पसरलेली नसायची, म्हणून. कॉट घडीची, सकाळी भिंतीला. दिवाळीची पातेली पोटमाळ्यावर. स्टोव्ह, चहाची भांडी आणि पाण्याचा पिंप मात्र हात लांब केला की लागतील असे. कोणती वस्तू महत्त्वाची, असं तिथे कुणी विचारत नसे. ती दिवसातून किती वेळा लागते, एवढंच पाहिलं जाई. पुरणयंत्र काही कमी महत्त्वाचं नव्हे, पण ते वर्षातून चारदा लागतं, म्हणून ते माळ्यावर.

पॅनेलांची निवड करताना लोक नेमके इथेच चुकतात. "लेयर तर लागतातच, ब्रश तर लागतातच, नेव्हिगेटरही (सबंध चित्राची छोटी प्रत दाखवणारं पॅनेल) लागतो," म्हणत सगळंच उघडं ठेवतात. प्रश्न बदला: हे मिनिटात किती वेळा लागतं?

मी भाचीच्या शेजारी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ती गॅलरीतून दिसणारं समोरच्या इमारतीचं चित्र काढत होती, वाळत घातलेल्या साड्या आणि तुळशीच्या कुंडीसकट. ती ज्या पॅनेलला हात लावेल त्याच्यापुढे मी एक रेघ मारत गेलो. अर्ध्या तासाने कागद पाहिला. "रंग" आणि "ब्रशचा आकार" ह्यांच्यापुढे रेघांची गर्दी. "परत फिरवा", म्हणजे अन्डू, तर मोजता येईना. लेयरपुढे सात-आठ. ब्रशांच्या मोठ्या यादीपुढे चार, आणि त्या चारही वेळा तिने त्याच तीन ब्रशांतला एक घेतला होता. उरलेल्या तीन पॅनेलांपुढे एकही रेघ नव्हती, आणि जागा सर्वांत जास्त अडवून बसली होती तीच.

हा प्रयोग तुम्ही स्वतःवर नक्की करून पाहा. मित्राला शेजारी बसवा, तेही नको असेल तर स्क्रीनची चित्रफीत घेऊन नंतर मोजा. मग आपोआप तीन ढीग पडतात.

दर काही सेकंदांनी लागणाऱ्या गोष्टी पहिल्या ढिगात, आणि त्यांना पॅनेल नकोच, बोट हवं. क्रिटामध्ये शिफ्ट धरून पेन आडवं ओढलं की ब्रश लहान-मोठा होतो. कंट्रोल धरून चित्रातल्या रंगावर टेकवलं की तोच रंग उचलला जातो. ई दाबलं की ब्रशाचं खोडरबर, पुन्हा ई की ब्रश. अंक १ दाबला तर शंभर टक्के आकार, २ दाबला तर सबंध पान. एवढे पाच-सहा जमले की उजवीकडची निम्मी पॅनेलं बिनकामाची होतात.

पण मला सर्वांत प्रिय आहे ते क्रिटाचं गोल ताट. त्याचं अधिकृत नाव पॉप-अप पॅलेट. कॅनव्हासवर राइट क्लिक केलं की कर्सर असेल तिथेच एक वर्तुळ उघडतं. मधोमध रंग निवडायची जागा, भोवती नुकतेच वापरलेले रंग, कडेने तुमचे आवडते ब्रश. ताटात भात मधे आणि कडेने चटणी, कोशिंबीर, लोणचं असतं तसं. हवं ते उचला, ताट नाहीसं. पेनवर सहसा दोन बटणं असतात, त्यांतल्या एकाला राइट क्लिक नेमून द्या, म्हणजे अंगठ्याने दाबलं की ताट हजर. कडेने कोणते ब्रश दिसावेत हेही आपल्या हातात असतं. आवडीच्या आठ-दहा ब्रशांना एकच टॅग द्यायचा आणि ताटात तो टॅग निवडायचा. स्टेशनबाहेरचा वडापाववाला पाव कापतो, चटणी लावतो, वडा ठेवतो आणि सुटे पैसे परत करतो, पण त्याची नजर गिऱ्हाईकावरच असते. सगळं हाताच्या टप्प्यात आणि रोज त्याच जागी. ताट त्यासाठीच आहे, नजर चित्रावरून हलू नये म्हणून.

दुसरा ढीग दर काही मिनिटांनी लागणाऱ्या गोष्टींचा. लेयर इथे येतात, आणि हवा असेल तर मोठा रंगचौकोन. ही पॅनेलं ठेवायची, पण एकाखाली एक नाही, एकावर एक. एका पॅनेलची नावाची पट्टी धरून ते दुसऱ्याच्या अगदी मधोमध सोडलं की दोन्हींचे टॅब होतात, वहीतल्या विषयांच्या खुणांसारखे. एका पॅनेलच्या जागेत तीन राहतात. अवजाराच्या बारीकसारीक पर्यायांचं जे पॅनेल असतं, ते क्रिटात टूलबारवर नेऊन ठेवता येतं. तिथे ते नुसतं बटण होऊन बसतं, दाबल्यावरच उघडतं. हा पर्याय मुख्य सेटिंग्जमध्ये जनरलखाली, टूल्सच्या टॅबमध्ये आहे. फार कमी जणांना तो माहीत असतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

तिसरा ढीग चित्रागणिक एकदा-दोनदा लागणाऱ्यांचा. ते बंद करा. बंद म्हणजे पुसून टाकलं असं नव्हे. सेटिंग्जमधल्या डॉकर्सच्या यादीत ते सगळे नावानिशी असतात, खूण केली की परत येतात.

लेयरच्या पॅनेलबद्दल थोडं जास्त

हे एक पॅनेल असं आहे की ते छोटं केलं तर त्रास होतो, मोठं ठेवलं तर परवडत नाही. मी काय करतो ते सांगतो.

प्रत्येक लेयरपुढे त्याचं छोटं चित्र दिसतं. ते शक्य तितकं लहान करा, म्हणजे चार ओळींच्या जागेत सात-आठ लेयर दिसतात. मग नावं. आपली लिपी डोक्यावर मात्रा आणि पायाशी उकार घेऊन चालते, तिला ओळीची उंची लागते. पॅनेल अरुंद आणि अक्षर बारीक असेल तर "मागच्या इमारतीची सावली" हे नाव "मागच्या इमा…" एवढंच दिसतं, आणि मागच्या इमारतीचे तीन लेयर असले तर तिन्ही सारखेच. म्हणून मी एकाक्षरी नावं देतो: रे, रं, सा, उ. रेषा, रंग, सावली, उजेड. पुढे अंक. "सा२" म्हटलं की मला कळतं. शिवाय क्रिटात लेयरला रंगाची खूण लावता येते. आकाशाच्या लेयरना निळी, माणसांच्या लेयरना लाल. मग नाव वाचावंही लागत नाही. पॅनेलची रुंदी ह्याने निम्म्यावर आली तरी चालते.

डाव्या बाजूच्या अवजारपट्टीवर राइट क्लिक केलं की चिन्हांचा आकार बदलता येतो. लहान करा, पण इतकीही नको की पेनचं टोक शेजारच्या चिन्हावर पडेल.

टॅबच्या बटणाची जादू

एक बटण सगळ्यांत आधी लक्षात ठेवा: कीबोर्डवर डावीकडे असलेलं टॅब. क्रिटात ते दाबलं की पॅनेलं, पट्ट्या सगळं नाहीसं होतं आणि फक्त चित्र उरतं. पुन्हा दाबलं की सगळं जागच्या जागी. काय लपावं आणि काय राहावं हे सेटिंग्जमध्ये ठरवता येतं. मी सगळं लपवतो, कारण ताट तर राइट क्लिकवर येतंच. फोटोशॉप, क्लिप स्टुडिओ आणि गिंप ह्यांतही टॅबनेच पॅनेलं लपतात. फोटोशॉपमध्ये शिफ्ट आणि टॅब एकत्र दाबले तर डावीकडची अवजारपट्टी राहते आणि उजवीकडची पॅनेलं जातात. गिंप जुनं असेल आणि त्याच्या तीन सुट्या खिडक्या स्क्रीनभर फिरत असतील, तर गिंपच्याच "विंडोज" नावाच्या मेनूतला एकाच खिडकीचा पर्याय निवडा. तो २०१२ च्या २.८ आवृत्तीपासून आहे.

घर एकच, मांडणी दोन

गणपती येतात तेव्हा चाळीतल्या खोलीत काय होतं आठवा. कॉट गॅलरीत जाते, टेबल भिंतीला लागतं, त्यावर मखर, समोर सतरंजी. विसर्जन झालं की खोली पुन्हा होती तशी. कुणी दरवर्षी नव्याने विचार करत बसत नाही, मांडणी ठरलेली असते.

सॉफ्टवेअरमध्ये ह्याला वर्कस्पेस म्हणतात: पॅनेलांची एक मांडणी नाव देऊन जपून ठेवायची आणि हवी तेव्हा बोलवायची. क्रिटाच्या विंडो मेनूत ती सोय आहे. भाचीला मी दोन करून दिल्या. "कच्चं" नावाच्या मांडणीत फक्त अवजारपट्टी आणि कॅनव्हास, कारण कच्चं रेखाटन करताना रंग आणि लेयर लागत नाहीत. "रंग" नावाच्या मांडणीत उजवीकडे एकच उभा रकाना, वर रंगचौकोन आणि खाली लेयर. तिसरी तिने स्वतः नंतर केली, अक्षरं काढण्यासाठी.

पहिल्याच दिवशी पाच मांडण्या करू नका, असं मी सांगेन. हाताला सवय लागते ती जागेची. पॅनेल आज उजवीकडे, उद्या डावीकडे असं झालं की सवय लागतच नाही, आणि मग आपण अवजारं शोधण्यातच दमून जातो. दोन मांडण्या, आणि त्या महिनाभर तरी बदलायच्या नाहीत.

पण सगळं लपवल्यावर काम अडत नाही का?

पहिले तीन-चार दिवस अडतं. हात उजवीकडे जातो आणि तिथे काही नसतं. मी ते नाकारत नाही. म्हणून एका वेळी एकच पॅनेल बंद करा आणि त्याच्या बदल्यात एकच बटण शिका. आज ब्रशाच्या आकाराचं, परवा रंग उचलण्याचं. आठवड्यात सुटसुटीत होतं. ज्यांना बटणं पाठ होतच नाहीत त्यांच्यासाठी ताट आहे, त्यात पाठांतर नाही.

अक्षरं बारीक दिसतात म्हणून स्केलिंग वाढवलंय, चालेल का?

स्केलिंग म्हणजे स्क्रीनवरचं सगळं त्याच प्रमाणात मोठं करून दाखवणं. विंडोजमध्ये १२५ टक्के, १५० टक्के असे आकडे दिसतात ते हेच. त्याने अक्षर मोठं होतं, पण पॅनेलही मोठं होतं. १३६६ बाय ७६८ वर १२५ टक्के लावलं, तर मांडणीसाठी हाती राहतात १०९३ बाय ६१४. जवळपास ३६ टक्के जागा गेली. ज्यांनी फुल एचडी लॅपटॉप घेतला आणि तरीही दाटी वाटते, त्यांनी हा आकडा जरूर तपासावा. पुष्कळदा नव्या लॅपटॉपवर तो आधीच १५० असतो, म्हणजे मांडणीच्या दृष्टीने तुमचा फुल एचडी स्क्रीन १२८० बाय ७२० झालेला असतो, जुन्या लॅपटॉपहूनही लहान.

तरी डोळे जपा. १०० टक्क्यांवर वाचताना कपाळाला आठ्या पडत असतील तर १२५ वरच राहा आणि पॅनेलं आणखी कमी करा. वडीलधाऱ्यांना मी हेच सांगतो. बंद केलेलं पॅनेल परत येतं, डोळ्यांचं तसं नाही.

घरातल्या टीव्हीला जोडलं तर?

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. जोडता येतं, पण आधी टीव्हीचा आकडा बघा. ३२ इंची "एचडी रेडी" टीव्ही बहुतेक वेळा १३६६ बाय ७६८ चेच असतात. म्हणजे ठिपके तेवढेच, प्रत्येक ठिपका जाडा. खोली तीच, फक्त दुरून भिंगातून पाहिलेली. टीव्ही फुल एचडी असेल तर मात्र खरोखर दुप्पट जागा मिळते, आणि मग जरूर जोडा. जुना फुल एचडी मॉनिटर स्वस्तात मिळत असेल तर त्याहून चांगलं. ज्याच्या घरात तो ठेवायला टेबल आहे, त्याला मी नको म्हणणार नाही. आमच्या भाचीकडे ते टेबल नाही. ती आणि तिचा धाकटा भाऊ एकाच टेबलावर आळीपाळीने बसतात.

स्क्रीन कमी रिझोल्यूशनचा, मग चित्रही तसंच होणार?

नाही. हा गैरसमज मुलांचा हिरमोड करतो, म्हणून ठासून सांगतो. चित्राचे ठिपके वेगळे, स्क्रीनचे वेगळे. छपाईसाठी ए-फोर आकाराचं, ३०० डीपीआयचं (दर इंचाला ३०० ठिपके) चित्र म्हणजे २४८० बाय ३५०८ ठिपके, जवळजवळ ८७ लाख. ते फुल एचडी स्क्रीनवरही सगळं एकदम मावत नाही. छोट्या स्क्रीनवर सबंध पान सोळा-सतरा टक्क्यांवर दिसेल, मोठ्या स्क्रीनवर थोडं जास्त. सगळेच चित्रकार जवळ जाऊन काम करतात आणि मागे सरून पाहतात. छोट्या स्क्रीनवर हे मागे-पुढे जास्त वेळा करावं लागतं, एवढाच फरक. त्यासाठीच मघाचं २ चं बटण. दर दोन-तीन मिनिटांनी ते दाबून सबंध पान बघायची सवय लावा, नाहीतर चित्रातल्या माणसाचे डोळे सुंदर होतात आणि कान भलतीकडे जातात.

आणि ते ओकेचं बटण दिसतच नाही ते?

माझ्या नेटबुकच्या दिवसांत ह्याने मला सर्वांत जास्त छळलं. एखादी सेटिंगची खिडकी उघडायची, ती स्क्रीनपेक्षा उंच असायची, आणि तळाचं ओके स्क्रीनच्या खाली बुडालेलं. आजही ७६८ च्या स्क्रीनवर, विशेषतः स्केलिंग वाढवलं असेल तर, हे होतं.

पहिला उपाय, एंटर दाबा. बहुतेक खिडक्यांत एंटर म्हणजेच ओके आणि एस्केप म्हणजे रद्द. तेवढ्याने भागलं नाही तर विंडोजमध्ये ऑल्ट आणि स्पेस एकत्र दाबा, मग एम, मग वरचा बाण दाबत राहा. खिडकी वर सरकते, तिचं डोकं स्क्रीनबाहेर जातं आणि तळ दिसू लागतो. लिनक्सवर ऑल्ट, किंवा काही ठिकाणी विंडोजचं चिन्ह असलेलं बटण, धरून ठेवलं की खिडकी माउसने कुठूनही पकडून ओढता येते.

काहीतरी दाबलं गेलं आणि सगळं गायब झालं

घाबरू नका, चित्राला काही झालेलं नसतं. पॅनेलं अस्ताव्यस्त झाली असतील तर आपली जपून ठेवलेली वर्कस्पेस पुन्हा निवडा. ती केलीच नसेल, तर क्रिटात डिफॉल्ट नावाची मांडणी असते, फोटोशॉपमध्ये वर्कस्पेस रीसेट करायचा पर्याय असतो, आणि गिंपमध्ये प्रेफरन्सेसमधून खिडक्यांच्या जागा मूळपदावर आणता येतात.

भाचीचा दुसरा फोन रात्री साडेअकराला आला. साड्यांचे रंग भरून झाले होते, तुळशीची कुंडी उरली होती. "मामा, मेनूसुद्धा गेला. काहीच नाही राहिलं, नुसतं चित्र दिसतंय." टॅबला धक्का लागला होता. मी म्हटलं, पुन्हा टॅब दाब. पलीकडे बटणाचा आवाज आला, मग थोडा वेळ शांतता, मग परत बटणाचा आवाज.

"आलं सगळं," ती म्हणाली. "पण मी परत घालवलं. कुंडी अशीच काढते."